इंद्रभानची मूठ

इंद्रभान सदरा झटकत होता. खिशातला चांदीचा रुपया उंबऱ्याच्या दगडावर पडला, खणकन वाजला आणि गडगडत घरात जाऊन कौशल्याबाईच्या वाकळेला टेकून आडवा झाला. कौशल्याबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने मान वळवली, रुपयाकडे पाहिलं आणि म्हणाली, "गायब करत होते तुमी हा."

एवढंच म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. इंद्रभान मात्र सदरा हातात धरून बराच वेळ दारातच उभा राहिला. कुणी काही विचारलेलं नसताना, आपणहून कौशल्याबाई बोलली, असं त्या घरात कितीतरी महिन्यांत घडलं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात त्यांचा एकुलता एक मुलगा शालिग्राम मुदतीच्या तापाने गेला होता. नुकती मिशी फुटलेला, बापाच्या बरोबरीने मोट हाकणारा पोरगा. कौशल्याबाई तेव्हा रडली नाही. साखरखेर्ड्यातल्या बायांनी तिला रडवायचा पुष्कळ प्रयत्न केला, गळ्यात पडून स्वतः रडून पाहिलं. ती नुसती बघत राहिली. पुढे ती उठली, भाकरी टाकू लागली, भांडी घासू लागली, आणि काम संपलं की भिंतीकडे तोंड करून पडू लागली. इंद्रभानची त्यात आणखी एक अडचण झाली होती. मुलगा झाल्यापासून तो बायकोला 'शालिग्रामची माय' अशीच हाक मारत आला होता. आता ती हाक तोंडातून निघेना आणि दुसरी कुठली सुचेना. तिला बोलवायचं असलं की तो खाकरायचा. परसातून खाकरायचा, ओसरीवरून खाकरायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, याला दमा जडला.

तरुणपणी इंद्रभान जत्रेतल्या तंबूत जानराव नावाच्या जादूगाराच्या मागे मागे हिंडला होता आणि त्याच्याकडून पत्त्यांचे आणि नाण्यांचे खेळ शिकला होता. घरची भाजीपाल्याची शेती होती, त्यामुळे जादूगार होण्याची वेळ आली नाही. पण लग्नघरी जेवणं झाली आणि मंडळी मांडवात लवंडली, की इंद्रभानला हाक यायची. पोरगा गेल्यावर त्याने पत्ते फडक्यात बांधून आढ्याला खोचून ठेवले ते ठेवलेच.

दुसऱ्या दिवशी ते फडकं घेऊन तो मळ्यात गेला आणि विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाच्या काठावर, बसला. पत्ते पिसायला घेतले तर निम्मे वांग्यांच्या वाफ्यात उडाले. रुपया तळहातात दडवून हात झटकला, तर रुपया टुणकन थारोळ्यात. पुन्हा दडवला, पुन्हा पडला. वर्षभरात बोटं नांगराच्या मुठीसारखी झाली होती आणि त्यांच्यातली पकड कुठे निघून गेली होती, कोण जाणे. चिखलातून बदामाची राणी वेचताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आपण नेमके कशासाठी रडतो आहोत हे त्याला कळेना.

जानराव आता म्हातारा झाला होता आणि आठवडी बाजारात सुया, फण्या, कुंकवाच्या डब्या विकायला बसत असे. इंद्रभानने भाजीचं गाठोडं सोडायच्या आधी त्याला गाठलं.

"मूठ वळ," जानराव म्हणाला आणि त्याने आपलं बोट इंद्रभानच्या मुठीत घातलं. "आता दाब."

"दाबूनच राह्यलो."

"मले तं कोंबडीनं चोच मारल्यावानीबी वाटलं नाही." त्याने बोट काढून घेतलं आणि इंद्रभानच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेलं फुगीर मांस चिमटीत धरलं. "लोकाईले वाटते, जादू बोटात हाय. बोटात काहीच नाही बे. जादू हाय इथं. हे ढिलं पडलं का जादू गेली."

"मंग काय करू?"

"पीठ मळ. वल्लं लुगडं पिळ. पत्त्याचा जोड करंगळीनं दाबून धर अन् चालत राह्य. अन् रुपया. सकाळी उठला का तळहातात दाब, झोपेलोक काढू नको. जेव त्याच हातानं, राम राम कर त्याच हातानं. रुपया हातात हाय हे तुह्या हातानंच इसरलं पायजे."

"कोनाले दिसला तं?"

"दिसला तं जादू गेली. सांगतलं तरी गेली. बायकोलेबी सांगू नको."

"तिच्यासाठीच तं करून राह्यलो."

जानरावाने त्याच्याकडे पाहिलं. शालिग्रामचं त्याला ठाऊक होतं. फण्या उगीचच सरळ करत तो म्हणाला, "मंग तं मुळीच सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्याबाई चुलीपुढे बसली आणि तिने परातीत पीठ घेतलं, तेव्हा इंद्रभान खाकरला. म्हणाला, "सरक. मी मळतो." बायकोने काऊन म्हणून विचारलंच तर काय सांगायचं याचा त्याने रात्री बराच विचार करून ठेवला होता. भाकर जरा मऊ लागते म्हणून सांगू, सांधे धरले म्हणून सांगू. कौशल्याबाईने काहीच विचारलं नाही. ती सरकली. तो मळत राहिला आणि ती त्याच्या हातांकडे न बघता विस्तवाकडे बघत राहिली. पिठाचा गोळा हवा त्याहून कितीतरी जास्त मळला गेला.

मग तो धुण्याकडे वळला. विहिरीवर त्याने कौशल्याबाईचं लुगडं पिळायला घेतलं आणि असा जोर लावला की जुनेर मधोमध टरकलं. नेमकी त्याच वेळी शेजारची सत्यभामाबाई घागर घेऊन आली. बाई मनाची निर्मळ, पण पोटात काही राहत नसे.

"भाऊजी, तुमी काऊन धुऊन राह्यले?"

"सहजच."

"लुगडं सहज धुते का कोनी?" सत्यभामाबाईने फाटलेल्या लुगड्याकडे पाहिलं, इंद्रभानच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घागर न भरताच परत गेली.

रुपयाचं काम त्याहून अवघड निघालं. तळहातात रुपया दाबून ठेवायचा तर बोटं पुरती उघडत नाहीत आणि पुरती मिटतही नाहीत. देवळापुढे राम राम करताना इंद्रभानचा उजवा हात वाळलेल्या पानासारखा आकसलेला दिसू लागला. पानटपरीवर तो डाव्या हाताने सुपारी घेऊ लागला. एकदा सत्यभामाबाईचा नवरा निवृत्ती त्याच्या शेजारी पारावर टेकला आणि त्याने तंबाखूची चंची पुढे केली. दोघांची तंबाखू मळायची ती इंद्रभानने, हा त्यांचा लहानपणापासूनचा रिवाज. इंद्रभान चंचीकडे बघत बसला.

"आज तूच मळ," तो शेवटी म्हणाला.

निवृत्ती दचकला. पण पुरुष माणूस, काही बोलला नाही. घरी जाऊन बायकोला बोलला. सत्यभामाबाईने मळलेलं पीठ, पिळलेलं लुगडं आणि न मळलेली तंबाखू अशी सगळी बेरीज केली आणि तिला लख्ख उजेड पडला. इंद्रभानच्या हाताला लकवा मारला आहे. हाताला व्यायाम पाहिजे म्हणून बिचारा पीठ मळतो, धुणं धुतो, आणि आधीच पोळलेल्या बायकोला कळू नये म्हणून कुणाला सांगत नाही. सत्यभामाबाईला हुंदका आवरेना. ती तशीच उठली आणि कौशल्याबाईकडे गेली.

संध्याकाळी इंद्रभान मळ्यातून आला तेव्हा कौशल्याबाई उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत होती. आता आणखी काय झालं, असं वाटून तो खाकरायचंही विसरला.

तिने ताट वाढलं आणि आत न जाता समोरच बसली. इंद्रभानने मुठीतला रुपया सांभाळत भाकरीचा तुकडा मोडला. तो वरणात बुचकळून तोंडाशी नेईपर्यंत बोटांतून निसटला आणि ताटात पडला. दुसरा तुकडाही पडला. कौशल्याबाईने ताट आपल्याकडे ओढलं, घास केला आणि त्याच्या तोंडापुढे धरला.

"किती दिवस झाले?"

"कायले?"

"हाताले."

आता कुठे त्याला उलगडा झाला. त्याला हसूही आलं. "अवं, काही नाही झालं हाताले, मी तं..."

"लपवू नका," ती म्हणाली. घास तिने तसाच धरून ठेवला होता. "त्यानंबी असंच लपवलं. अंग तापलं तरी बोलला नाही मले, वावरातलं काम पडून राहीन म्हनून. पडून राहू द्या लागत होतं. आता तुमीबी तेच करता?"

इंद्रभानचं तोंड उघडंच राहिलं आणि तिने त्यात घास घातला. पोरगा गेल्यापासून तिने त्याच्याबद्दल काढलेला हा पहिला शब्द होता. त्या शब्दानंतर, मी जादूचा सराव करत होतो, हे सांगायला इंद्रभानची जीभ रेटेना. तो मुकाट्याने चावत राहिला. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई पहाटेच उठली, तिने करडईचं तेल कोमट केलं, मिठाची पुरचुंडी तव्यावर शेकायला ठेवली आणि त्याचा उजवा हात मागितला. हातात रुपया होता. तिने तेलात बोटं बुडवायला मान वळवली तेवढ्यात त्याने रुपया डाव्या हातात घेतला आणि मांडीखाली सारला. चोळून झाल्यावर तो पुन्हा उजव्या हातात यायला हवा होता, कारण हात मोकळा दिसला तर बरा दिसेल. म्हणून ती तेलाची वाटी ठेवायला उठली की रुपया मांडीखालून उजव्या मुठीत. असं सकाळी आणि असंच दिवेलागणीला. लग्नातल्या मांडवात त्याने इतक्या जवळून, इतक्या वेळा आणि इतक्या भीतीने ही हातचलाखी कधी केली नव्हती.

तो पहिल्याच दिवशी थांबला असता. पण हात चोळताना कौशल्याबाई बोलू लागली. आधी एखादं वाक्य, मग दोन. शालिग्राम पाळण्यात असताना बापाचा अंगठा धरून झोपायचा, हे. त्याने एकदा पत्त्यांतला राजा चोरून आपल्या चड्डीत लपवला होता, हे. शेवटच्या दिवशी त्याने पाणी मागितलं आणि ती आणायला गेली तेवढ्यात, हे. ते सांगताना ती इंद्रभानच्या तोंडाकडे बघत नसे, बोटांकडे बघत असे. एक एक बोट मुळापासून टोकापर्यंत ओढत असे. इंद्रभानला वाटायचं, हात बरा झाला म्हणून सांगितलं की हे चोळणं थांबेल, आणि चोळणं थांबलं की ही पुन्हा भिंतीकडे वळेल. मग तो मूठ आणखी आवळून धरायचा.

गावात पसरलेली बातमी मात्र थांबणार नव्हती. निवृत्तीने आणखी दोघांना घेऊन इंद्रभानची वांगी तोडली आणि आपल्या बैलगाडीतून बाजारात नेऊन विकून आला. कुणी गोमूत्र आणलं, कुणी अंगारा आणला. जानरावाच्या कानावर गेलं तेव्हा तो काठी टेकत घरापर्यंत आला, इंद्रभानच्या आकसलेल्या बोटांकडे बारकाईने बघितलं आणि कौशल्याबाई पाणी आणायला आत गेल्यावर हळूच म्हणाला, "पकड चांगली बसली."

"मामा, मी फसलो ना."

"ते तं मलेबी दिसून राह्यलं," म्हातारा म्हणाला आणि पाणी न पिताच उठून गेला.

आणि मग एके दिवशी दुपारच्या एस.टी.ने उत्तमराव आला. उत्तमराव हा कौशल्याबाईचा थोरला भाऊ, तिकडे सातपुड्याच्या पायथ्याला सोनाळ्याला राहणारा, चांगला जमीनदार, आवाजाने आणि अंगाने दणकट. खामगाव, मेहकर अशा गाड्या बदलत तो आला होता आणि त्याच्या मांडीवर सगळ्या वाटेने एक झाकलेली टोपली होती. टोपलीत कबूतर होतं.

"लकव्यावर याच्यासारखं अवशीद नाही," त्याने ओसरीवर बसल्या बसल्या जाहीर केलं. "ताजं रक्त हाताले चोळायचं. आमच्या गावचा एक बुढा खाटेवरून उठून बाजाराले गेला."

"दादा, आपल्या घरात जीव मारत नाही कोनी," कौशल्याबाई म्हणाली.

"मी अंगनात मारतो."

बोलता बोलता अंगण भरलं. सत्यभामाबाई आली, निवृत्ती आला, आळीतल्या बाया आल्या. इंद्रभानला मधोमध पाटावर बसवलं. त्याची वांगी तोडून बाजारात नेणारी माणसं समोर उभी होती, आणि आता त्याच्यापायी एका मुक्या जिवाची मान जाणार होती.

"उत्तमराव, राहू द्या," तो म्हणाला. "मले आता फरक हाय."

"फरक कुठं हाय? मूठ तं उघडत नाही तुमची." उत्तमरावाने टोपलीचं झाकण काढलं, आत हात घातला आणि कबुतराला बाहेर काढलं. एका हातात कबूतर धरून दुसऱ्या हाताने तो कमरेचा चाकू शोधू लागला. कबुतराने पंख फडफडवले, उत्तमरावाच्या मिशीवर एक सणसणीत फटका दिला आणि ते सुटलं. ते वर गेलं नाही. टोपलीत बसून बसून त्याचे पाय आखडले होते. ते थेट इंद्रभानच्या तोंडावर आलं.

आणि इंद्रभानने ते पकडलं. उजव्या हाताने, हवेतल्या हवेत, पंखांसकट असं पक्कं, की कबुतराला हलता येईना. त्याच वेळी त्याच्या तळहातातून रुपया सुटला, पाटावर खणकन वाजला आणि सगळ्यांच्या देखत गोल फिरून उत्तमरावाच्या पायाशी पडला.

उत्तमराव एकदा रुपयाकडे बघे, एकदा कबुतराकडे.

"हे काय हाय?"

"रुपया," इंद्रभान म्हणाला.

"ते मलेबी दिसते. लकवा कुठं हाय?"

इंद्रभानने कबूतर हळूच खाली सोडलं. ते चार पावलं चाललं आणि पायरीवर जाऊन बसलं. इंद्रभानची मान वर होईना. उत्तमरावाचा चेहरा तांबडा होत चालला होता. "सोंग केलं तुमी? ह्या लोकाईनं तुमचं वावर पाह्यलं. माह्या बहिनीनं दिवसरात्र हात चोळले. वरीस झालं तिच्या घरात मरन होऊन, अन् तुमी तिच्यापुढं सोंग..."

"मले ठाऊक होतं, दादा," कौशल्याबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिचा चेहरा एखाद्या दगडासारखा स्थिर होता.

"काय ठाऊक होतं?"

"जादूच्या खेळासाठी मूठ बळकट कराले पायजे म्हनून रुपया धरून राह्यले होते. मीच म्हनलं, धरा. तेल मूठ मोकळी कराले लावत होती. लकवा लकवा तं गावच म्हनत होतं. मी कधी म्हनलं?"

लोक आठवू लागले. कौशल्याबाईच्या तोंडून तो शब्द खरोखरच कुणी ऐकला नव्हता. सगळ्यांच्या नजरा सत्यभामाबाईकडे गेल्या आणि सत्यभामाबाई निवृत्तीकडे बघू लागली. निवृत्ती चंची काढून तंबाखू मळू लागला.

"मंग मी सोनाळ्याहून कबूतर घेऊन आलो ते?" उत्तमरावाचा आवाज आता बराच खाली आला होता.

"तुमी इचारलं कुठं, दादा. टोपली घेऊनच आले."

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. उत्तमराव मिशीला लागलेलं पीस काढत खाली बसला. कौशल्याबाई पायरी उतरून आली, तिने रुपया उचलला, पदराला पुसला आणि इंद्रभानपुढे धरला.

"एवढं गाव जमलं हाय," ती म्हणाली. "दाखवा आता."

इंद्रभान उठला. रुपया बोटांत धरून सगळ्यांना दाखवला, तळहातावर ठेवला, मूठ मिटली, मुठीवर फुंकर घातली आणि मूठ उघडली. हात रिकामा होता. मागून पुढून, दोन्ही बाजूंनी रिकामा. इतका सुरेख खेळ त्याच्या हातून सबंध उमेदीत झाला नव्हता. बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. निवृत्तीची तंबाखू सांडली. उत्तमराव पुढे वाकून म्हणाला, "गेला कुठं?"

कौशल्याबाई त्या रिकाम्या तळहाताकडे बघत होती. "आता परत आना," ती हळूच म्हणाली.

इंद्रभानचा हात आपोआप उठला आणि तसाच हवेत थांबला. हरवलेला रुपया तो नेहमी शालिग्रामच्या कानामागून काढायचा. पोरगा लहान होता तेव्हापासून प्रत्येक खेळात, प्रत्येक मांडवात, मंडळी कितीही असोत, रुपया निघायचा तो त्याच्याच कानामागून. पुढे पुढे पोरगा वैतागून म्हणायचा, आता दुसऱ्याचा कान पाहा. आज तो हात जिथे जायचा त्या उंचीवर काहीच नव्हतं. इंद्रभान रुपया दडवलेला हात तसाच धरून उभा राहिला. तो खालीही घेता येईना.

कौशल्याबाईच्या घशातून आधी हसल्यासारखा आवाज आला. लोकांना वाटलं, ती हसते आहे. मग ती खाली बसली, मातीत, आणि रडू लागली. पावसाळ्यापासूनचं सगळं. सत्यभामाबाई तिच्याजवळ बसली आणि या वेळी तिने तिला रडवायचा किंवा गप्प करायचा कसलाच प्रयत्न केला नाही. पुरुष एकेक करून अंगणाबाहेर गेले. उत्तमराव भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ टोपलीचं झाकण बसवत होता. इंद्रभान बायकोपुढे मांडी घालून बसला. उजवा हात पुढे केला, आणि तिने तो दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी उत्तमराव एस.टी.ला निघाला. कबूतर पायरी सोडायला तयार नव्हतं, म्हणून तो रिकामी टोपली घेऊन गेला. त्याला गाडीत बसवून आल्यावर इंद्रभानने ओसरीवर बसून बायकोला विचारलं, "तुले कवापासून ठाऊक होतं?"

"काय?"

"रुपयाचं."

"मले काही ठाऊक नव्हतं," कौशल्याबाई म्हणाली.

"मंग काल..."

"तुमचा रुपया पडला तवा मले समजलं, पीठ काऊन मळत होते ते. सगळ्याईले समजलं तवाच." ती सूप घेऊन ज्वारी पाखडू लागली. "मी खरंच समजत होती का तुमच्या हाताले लकवा झाला. जीव टांगला होता माहा."

इंद्रभानला आदल्या दिवशीचा तिचा चेहरा आठवला. चौकटीला धरून, पापणी न हलवता, सगळ्या गावाच्या डोळ्यांत बघत ती खोटं बोलली होती. तो स्वतः तिच्या अगदी पुढ्यात बसला होता, तरुणपणापासून हातचलाखी करत आलेला माणूस, आणि त्यालाही काही समजलं नव्हतं.

"चुकलंच माहं," तो म्हणाला.

यावर ती बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. पण हे गप्प बसणं वेगळं होतं. यात भांडी आपटत होती, परात चुलीपुढून दाणकन सरकत होती, ताटात भाकर पडतानाही आवाज होत होता. शेजारी सत्यभामाबाईला तो आवाज ऐकू जायचा आणि ती नवऱ्याला सांगायची, कौशल्याबाई चांगलीच रागावली हाय; आणि हे सांगताना तिला फार बरं वाटायचं.

मग एका सकाळी कौशल्याबाई डोक्यावरून न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली आणि भाकरी, ठेचा फडक्यात बांधून इंद्रभानपुढे येऊन उभी राहिली.

"चला. देऊळगावले जायचं हाय, बालाजीले."

"एस.टी. तं दुपारी हाय."

"पायी जायचं. नवस बोलली होती मी. हात बरा झाला तं दोघं पायी येऊ म्हनून."

"अवं, पन हात तं बिघडलाच नव्हता."

"मी तं बोलली ना. बरा हाय ना आता हात? मंग फेडा लागते."

इंद्रभानने पायताणं घातली, गाठोडं काखेत मारलं आणि दार ओढून घेतलं. पोरगा गेल्यानंतर कौशल्याबाई आज पहिल्यांदा गावाच्या वेशीबाहेर पडत होती. ती पुढे चालत होती आणि तो मागे. दोन्हीकडे ज्वारी निसवत आली होती. ती मधूनच थांबून एखादं कणीस हातात घेऊन बघायची आणि काही न बोलता सोडून द्यायची. एका बांधावर तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि पुन्हा चालू लागली.

वाटेतल्या एका खेड्यात विहिरीवर पाणी प्यायला ते थांबले. पाणी शेंदणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "कुठं निघाले बाई, दोघं असे?"

"नवस फेडाले," कौशल्याबाई म्हणाली. "ह्याईचा हात बरा झाला."

"काय झालं होतं हाताले?"

इंद्रभानने पाण्याची ओंजळ तोंडाजवळ नेली होती. तो तसाच थांबून बायकोकडे बघू लागला.

"लकवा," कौशल्याबाई म्हणाली. पापणी हलली नाही.

म्हातारी हळहळली. देवाची कृपा, म्हणाली, आणि इंद्रभानच्या उजव्या हाताकडे मोठ्या मायेने बघू लागली. ती बघतेच आहे असं पाहून इंद्रभानने ओंजळीतलं पाणी सोडलं आणि उजव्या हाताची बोटं, फार नाही, पण थोडीशी आकसून घेतली.